विश्लेषण : फुला-मुलांच्या कवीला येशूचे अप्रूप आयुष्यभर कसे वाटत राहिले?

टिळक म्हटले की लोकमान्य डोळ्यांसमोर येतात. पण मराठीला आणखी एक टिळक ठाऊक आहेत. शिकारी टिपलेल्या पाखराची कविता, रानफुलाशी गप्पा मारणारी कविता, मुलाच्या आजारपणात खचलेल्या बापाची कविता लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांपेक्षा ते पाच वर्षांनी लहान आणि त्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते ख्रिस्ती झाले आणि पुढची चोवीस वर्षे ख्रिस्ताविषयी अशा तऱ्हेने लिहीत राहिले, की जणू त्यांना तो काल संध्याकाळीच भेटला असावा.

श्रद्धा जुनी झाली की तिची सवय होते. रविवार आला की देवळात, सण आला की नवे कपडे. हे सगळ्याच धर्मांत घडते. टिळकांच्या बाबतीत ते घडले नाही. का घडले नाही आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोण होते हे टिळक?

जन्म 6 डिसेंबर 1861, गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई हळवी, कवितेची आवड असलेली. तिचा मुलावर मोठा परिणाम झाला. नारायण लहान असतानाच ती गेली आणि घराशी जोडणारा धागाच तुटला. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडे इंग्रजी शिकला, वक्तृत्व कमावले. शाळेतले शिक्षण अर्धवट राहिले, पण कालिदास-भवभूती तोंडपाठ झाले.

1880 मध्ये लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ‘स्मृतिचित्रे’ लिहिणार होती. लग्नात ती बारा वर्षांचीही नव्हती. लिहावाचायला ती शिकली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

पुढच्या पंधरा वर्षांत टिळक एका जागी फारसे टिकले नाहीत. कुठे शिक्षक, कुठे पुराण सांगणारे, कुठे संपादक. आज या गावी, उद्या त्या. कधी घरात न सांगताही निघून जात. 1891 च्या सुमारास ते नागपूरला स्थिरावल्यासारखे झाले. तिथले श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. धर्मावर वाद घालणे हा तोवर त्यांचा छंद होता. जातिभेद नको, सर्व माणसे एका पित्याची लेकरे, असा एक नवा धर्मच काढावा, असेही त्यांच्या डोक्यात घोळत होते.

आगगाडीच्या डब्यात नेमके काय घडले?

1893 सालची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी होता. त्या काळात गोरा माणूस दिसला की देशी प्रवासी आखडून बसत. इथे उलटे झाले. त्या माणसाने सौजन्याने जागा दिली आणि गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावर. मग बोलणे धर्माकडे वळले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले.

टिळकांना ते भाकीत आगाऊपणाचे वाटले. पण शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. मत्तयच्या शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीने होते. कुठल्याही नव्या वाचकाला ती कंटाळवाणी वाटते, टिळकांनाही वाटली. वचन मोडायचे नाही म्हणून ते पुढे वाचत गेले आणि पाचव्या अध्यायाशी थबकले. तिथून तीन अध्याय येशूचे डोंगरावरील प्रवचन आहे. दीन लोक धन्य, शत्रूवर प्रेम करा, उद्याची चिंता नको, रानातली फुले पाहा, आकाशातली पाखरे पाहा.

इथे थोडे थांबायला हवे. धर्मांतराच्या कथांमध्ये बहुतेकदा पापाची जाणीव, भय, तर्क यांना मुख्य जागा असते. टिळकांच्या कथेत सगळ्यात आधी येतो तो एका कवीचा आनंद. फुले आणि पाखरे हा त्यांच्या कवितेचा जुना विषय. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही शाळेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली कविता आठवा. जखमी पक्षीण पिलांसाठी धडपडत घरट्याकडे येते, एवढेच तिच्यात आहे. असा माणूस धर्मग्रंथ उघडतो आणि त्यात एक गुरू शिष्यांना सांगत असतो की देवाची काळजी समजून घ्यायची असेल तर पाखरांकडे बघा. टिळकांना बाहेरचा उपदेशक भेटला नाही, आपल्याच बोलीत बोलणारा कोणी भेटला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. जे कवी म्हणून त्यांना आधीपासून आवडत होते, ते नव्या श्रद्धेने त्यांच्याकडून काढून घेतले नाही.

दोन वर्षे मन मागे-पुढे होत राहिले. मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार झाला, मित्र दुरावले. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो दिला तुकाराम नथोजी या देशी पाळकाने, गोऱ्या मिशनऱ्याने नव्हे. ही बारीक गोष्ट नाही. पुढच्या सगळ्या भांडणांचे बीज तिच्यात दिसते.

लक्ष्मीबाईंचे काय झाले?

हा या कथेचा सर्वात अवघड भाग. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. बातमी पत्रांतून आली. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी नसल्यासारखा. लहानगा दत्तू कडेवर. नातेवाईकांचा पहारा, लोकांची कीव, टोमणे. पुढची सुमारे साडेचार-पाच वर्षे त्या टिळकांपासून वेगळ्या राहिल्या. कधी जलालपूर, कधी नाशिक, कधी पंढरपूर.

टिळकांचे अप्रूप त्यांच्यासाठी प्रकाश होते, पण घरातल्या दुसऱ्या माणसासाठी त्याचा अर्थ अंधार झाला होता. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक यामुळे मोलाचे. लक्ष्मीबाई नवऱ्याला देव करत नाहीत. तापट स्वभाव, विसराळूपणा, हातात पैसा न टिकणे, घरच्या गरजेसाठी निघालेला माणूस भलतेच काही करून परत येणे, हे सगळे त्या हसत-रडत सांगतात. आश्चर्याने भारलेला माणूस दुरून फार गोड दिसतो. त्याच्याबरोबर महिना काढायचा असेल तर घरात कोणीतरी एकाने जमिनीवर पाय ठेवावा लागतो. टिळकांच्या घरात तो पाय लक्ष्मीबाईंचा होता.

शेवटी त्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे आल्या. आल्या त्या ख्रिस्ती म्हणून नव्हे. सोवळे पाळत, वेगळा स्वयंपाक करत राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एक दिवस त्यांच्या मनाने आपणच निवाडा केला की देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले, जाती माणसांनी केल्या. सोवळे सुटले. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या भारावलेपणाने त्यांना ओढून नेले नाही, त्या आपल्या पायांनी आणि आपल्या वेळी पोहोचल्या. म्हणूनच पुढे ख्रिस्ती श्रद्धेबद्दल त्या जे लिहितात ते उसने वाटत नाही.

नगरमधले दिवस कसे होते?

गजबजलेले. टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत, प्रवचने आणि कीर्तने करत, ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात लिहीत. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले आणि अखेरपर्यंत राहिले. हे पत्र 1842 मध्ये नगरमध्येच सुरू झालेले, मराठीतल्या सर्वात जुन्या पत्रांपैकी एक. याच काळात दुष्काळ आला, प्लेग आला. दुष्काळातली अनाथ मुले टिळकांच्या घरी राहिली. प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवा केली.

घर नेहमी भरलेले. त्यात एक पाहुणा विशेष. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा पुढाकार होता. तिथे सतरा वर्षांच्या एका पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले आणि मुलासारखे सांभाळले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ठोमऱ्याच्या खोड्या, रुसवे, लाड यांची पानेच्या पाने आहेत. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यावरून त्यांचे घरातले स्थान उणे झाले नाही.

फुलांवर लिहिणारा प्रौढ कवी आणि निर्झर, तारका, फुलराणीवर लिहिणारा पोर एकाच छपराखाली राहत होते. कोणी कोणाला घडवले हे ठरवण्याच्या फंदात पडायला नको. पण इतके दिसते की टिळकांना आपल्याहून लहान माणसाचे कौतुक करता येत होते. आपले आश्चर्य शिळे होऊ नये म्हणून दुसऱ्याच्या ताज्या आश्चर्याच्या जवळ राहण्याची ही एक रीत असावी.

अप्रूप टिकण्यामागे नेमके काय होते?

पहिली गोष्ट भाषा. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी चर्चमधली बरीच गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती. चाल परकी, शब्द ओढूनताणून बसवलेले. अशा गीतातून श्रद्धा कळते, पण अंगावर काटा येत नाही. नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तीच पुढे रुंद केली. अभंग, भजन, टाळ. आज मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या उपनगरापासून मराठवाड्यातल्या वस्तीपर्यंत रविवारी ती गाणी म्हटली जातात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नाव ठाऊकही नसते.

दुसरी गोष्ट तुकाराम. आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामाच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची धारणा होती. हे नुसते सौजन्य नव्हते. वारकरी विठोबाला माउली म्हणतात. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटले, गुरू म्हटले. युरोपातून आलेल्या ख्रिस्ती शिकवणीत देव प्रामुख्याने पिता, राजा, न्यायाधीश म्हणून समोर येतो. राजाचे भय वाटते, आदर वाटतो. आईचे काय वाटते हे वेगळे सांगायला नको. नात्याचा शब्द बदलला की भाव बदलतो आणि लहान मुलाची नजर परत मिळते. देवाविषयी लेकराने बोलावे तसे बोलण्याची मुभा मराठी संतांनी टिळकांना आधीच देऊन ठेवली होती.

इथे एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही निघतो. जुनी भांडी वापरून नवे पाणी देणे ही युक्ती तर नव्हे? टिळकांच्या बाबतीत तसे म्हणणे कठीण आहे. अभंग हे त्यांनी प्रचारासाठी शोधलेले साधन नव्हते, ती त्यांची मातृभाषा होती. त्यात लिहिले नसते तर ते खोटे झाले असते. आणि चर्चमधल्या काहींना नेमके उलटे वाटे: हे फारच हिंदू होत चालले आहे. दोन्हीकडून शंका घेतली जात होती, ते मधेच उभे होते.

तिसरी गोष्ट अस्वस्थता. टिळकांना तयार चौकटीत बसता येत नसे. मिशनची व्यवस्था, साहेबाने ठरवलेला पगार, परदेशातून आलेला पैसा, देशी पाळकांचे दुय्यम स्थान यांनी ते घुसमटत. त्यांच्या कवितेत देशभक्ती ठासून भरलेली आहे. ख्रिस्ती झालो म्हणून आपण हिंदुस्थानचे कमी झालो, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. मिशनऱ्यांतल्या अनेकांशी त्यांची गाढ मैत्री होती. तरीही ख्रिस्त या मातीतल्या माणसांना या मातीतला म्हणून दिसला पाहिजे, हा ध्यास सुटला नाही.

‘देवाचा दरबार’ म्हणजे काय?

1917 मध्ये, वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण होण्याआधी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वीस-बावीस वर्षांची. पेन्शनकडे बघण्याच्या वयात त्यांनी पगार सोडला आणि आपण संन्यासी झाल्याचे जाहीर केले. मुक्काम साताऱ्याला हलला. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली: ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांची एक मोकळी बंधुता. तीत बाप्तिस्मा घेतलेले असतील आणि न घेतलेलेही असतील.

आज हे वाचताना त्यातला धोका लगेच लक्षात येत नाही. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा दरवाजा. तो ओलांडला नाही तर माणूस बाहेर. टिळक म्हणत होते की ख्रिस्तावर प्रेम करणारी पुष्कळ माणसे आईवडील, जात, गाव यांच्यामुळे तो दरवाजा ओलांडू शकत नाहीत. त्यांना बाहेरचे कसे म्हणायचे? हे बोलणारा माणूस कोण होता ते विसरता येत नाही. त्याची स्वतःची बायको काही वर्षे त्याच दरवाज्याच्या अलीकडे उभी होती. त्याच्या घरात मुलासारखा राहिलेला बालकवीही.

बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी टिळक आजारी पडले. त्यांना उपचारांसाठी मुंबईला आणण्यात आले आणि 9 मे 1919 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. संस्थापकाबरोबर तो विरला. पण कल्पना पूर्ण विरली नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यावर टिळकांचा प्रभाव पडला होता. त्यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला आणि 1923 मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

‘ख्रिस्तायन’ कोणी पूर्ण केले?

येशूचे संपूर्ण चरित्र मराठी काव्यात सांगावे, ही टिळकांची मोठी इच्छा. मराठीत त्याला तीनशे वर्षांपूर्वीचा एक पूर्वज आहे: इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, पहिल्यांदा छापले गेले 1616 मध्ये. स्टीफन्स परके असून मराठीच्या प्रेमात पडले. टिळक मराठीचेच असून येशूच्या प्रेमात पडले. दोघांना एकच काम सुचले.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केले, सुमारे दहा-अकरा अध्याय लिहिले. मग इतर कामे, प्रवास, आजार. महाकाव्य अर्धेही झाले नाही.

ते पुरे करायला घेतले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरे शिकवली, जिने त्याच्या धर्मांतराच्या बातमीने अंथरूण धरले होते, तिने. विद्वत्ता नव्हती, संस्कृत नव्हते, काव्यशास्त्र नव्हते. होती ती घरगुती, हजरजबाबी मराठी. ‘स्मृतिचित्रे’ लिहीत असतानाच्या काळात, उतारवयात, त्यांनी एकामागून एक अध्याय लिहून काढले. टिळकांच्या अकराच्या तुलनेत त्यांचे चौसष्ट. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. कविता करणाऱ्याचे नाव आधी आणि ती पुरी करणारीचे नंतर, अशा क्रमाने ‘ख्रिस्तायन’ 1938 मध्ये छापून बाहेर आले.